मागच्या चाकाची गळती

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाला, "आजोबा, रक्तदाब चढतोय. ओरडायचंच असेल तर घरात नका ओरडू, वहीत ओरडा." म्हणून ही वही. त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याला लिहिता येत नसेल. मी चौथी शिकलोय. अंगठाबहाद्दर नाही. सही करतो, पेपर वाचतो, आणि पाणीखात्यात फिटर म्हणून जन्म काढला. गळती थांबवणं हाच माझा धंदा होता.

आणि आज माझ्याच गाडीखाली गळती!

सकाळी गाडी मागे घेतली तर फरशीवर काळा डाग. हिला दाखवला. ही म्हणाली, "पाणी असेल हो." पाणी! मला पाण्यातलं शिकवते! बोट लावून वास घेतला. जाड, चिकट, सडक्या अंड्यासारखा वास. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू तेलाने चकचकीत झालेली. म्हणजे मागच्या एक्सलमधलं तेल.

यात चीड आणणारी गोष्ट अशी की, मागच्याच महिन्यात मी स्वतः गाडीखाली झोपून सगळं साफ केलं होतं. सैल होतं ते आवळलं, खडखडत होतं ते गप्प केलं, जिथे धूळ जाईल अशी बारीकसारीक भोकं लुकणाने बुजवली. दोन डब्यांतलं एकत्र मळून लावायचं ते राखाडी लुकण, जे मी स्वयंपाकघरातल्या मागच्या खिडकीला लावलंय. दगडासारखं होतं. एवढं करूनही गळते म्हणजे काय! माणसाने करायचं तरी किती?

शुक्रवारी चौदा तारखेला लेकीचं ऑपरेशन आहे. गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात साधी आहे. गळ्यातली गाठ साधी कशी असेल? आम्ही बुधवारी निघायचं ठरवलंय. डोंगराचा रस्ता आहे, आणि गाडी आत्ताच रडायला लागली.

मंगळवार, ४ मार्च

गाडी काड्याकडे नेली. काड्या म्हणजे आमचा मेकॅनिक. चिमटीत धरावा एवढा बारीक, पण तोंड असं की चार पैलवानांना पुरेल.

"काका, ब्रेकचं तेल असेल."

"ब्रेकचं तेल पातळ असतं. याचा वास घे."

वास घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "हं. हे एक्सलचंच. मेलेल्या उंदरासारखं."

चाक काढलं, ड्रम काढला. आत सगळं तेलाने माखलेलं. ब्रेकच्या पट्ट्यासुद्धा. एक्सलचा दांडा नळीतून बाहेर येतो तिथे रबराचं एक कडं असतं, त्याला ऑईल सील म्हणतात. ते कडं तेल आत अडवतं. काड्याने नखाने त्याची ओठासारखी कड दाबून दाखवली. "ओठ फाटलेत काका. वय झालं."

"वय कोणाचं?"

"सीलचं हो! तुम्ही अजून घोड्यासारखे आहात." आणि फिदीफिदी हसला. मला गाडीवर हसलेलं चालत नाही. माझ्यावर तर मुळीच नाही.

ही घरी बॅग भरते आहे. आठवडा पडलाय अजून, आणि ही आत्तापासून साड्या घड्या करते. मी म्हटलं, एवढी घाई कसली? काही बोलली नाही. ही बोलतच नाही. मला तेच बरं वाटतं.

गुरुवार, ६ मार्च

गाडी आली. नवं सील, नव्या ब्रेकच्या पट्ट्या, एक्सलमध्ये तेल भरून. गल्लीतून एक चक्कर मारली, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. कोरडा. काड्याला माफ केलं.

लेकीचा फोन आला. हिच्याशीच बोलते ती, पण मी फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावतो, काय चाललंय ते कळायला हवं. लेक म्हणाली, "आई, तू एकटी बसने आलीस तरी चालेल. बाबांना एवढं लांब गाडी चालवायला—"

मी मधेच म्हटलं, "मला काही होत नाही! बस दरीत पडतात, पेपर वाचतेस का? आणि तिथला डॉक्टर नीट आहे का? गाठ कोणी तपासली? दुसऱ्याला दाखवलं का?"

ती म्हणाली, "बाबा, मी सांगत होते की—"

"सांगू नकोस, ऐक. गार काही पिऊ नकोस. खिडकीजवळ झोपू नकोस."

फोन कट झाला. लाईन खराब असेल. किती काळजी करते पोर माझी! आजारी स्वतः, आणि काळजी माझ्या गाडी चालवण्याची.

ही म्हणाली, "बसची तिकिटं मिळतायत अजून."

मी म्हटलं, गाडी कोरडी आहे. विषय संपला.

शनिवार, ८ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. डॉक्टरला काय माहीत, वहीत ओरडून काही होत नाही. कागदाला कान नसतात.

आज लांबची चाचणी घ्यावी म्हणून तलावावरच्या जुन्या पंपघरापर्यंत गेलो. माझीच जुनी जागा. नवीन वॉचमनने आत सोडलं नाही. "कोण पाहिजे?" म्हणे. मला विचारतो कोण पाहिजे! तिथल्या प्रत्येक पाइपाला मी हात लावलेला आहे. परत आलो, खाली वाकून पाहिलं तर डावं चाक पुन्हा ओलं.

तसाच काड्याकडे गेलो. "तू जुनंच सील धुऊन बसवलंस!"

"काका, शपथ घेऊन सांगतो—"

"शपथ नको, सील दाखव!"

"सील गाडीत आहे, दाखवू कसं? पोट फाडू का तिचं?"

गिऱ्हाईकं हसली. त्या हसणाऱ्यांची गाडी मी कधी अडचणीत पाहिली तर मी पण हसेन. नाही हसणार. माझा स्वभाव तसा नाही. पण बघत उभा राहीन.

घरी आलो तर स्वयंपाकघरात धूर कोंडलेला, आणि ही दारात उभी राहून पदराने वारा घेते आहे. म्हणाली, "ती मागची खिडकी उघडता आली असती तर..." मी म्हटलं, ती खिडकी उघडली की धूळ येते, डास येतात, चोर येतात. म्हणूनच बुजवली. तिने डोळे पुसले. धुराने.

रविवार, ९ मार्च

गॅरेज बंद. काड्याच्या घरी गेलो. तो दात घासत दारात आला, तोंडात फेस. मी बोललो ते सगळं त्याला ऐकावं लागलं, कारण तोंड भरलेलं होतं. अशी माणसं मला आवडतात.

शेवटी चूळ भरून म्हणाला, "काका, मंगळवारी या. यावेळी सील तुम्हीच आणा. तुमच्या हाताने. मग तरी माझ्या नावाने बोंबलू नका."

त्याची बायको आतून म्हणाली, "चहा घ्या काका." घेतला. राग एका बाजूला, चहा एका बाजूला.

मंगळवार, ११ मार्च

सील मी स्वतः विकत आणलं. दुकानदाराला तीन वेळा उघडून दाखवायला लावलं. काड्याने दांडा बाहेर काढला, त्यावर नख फिरवून पाहिलं. कधीकधी जुन्या सीलने दांड्यावर चर पडतो, मग नवं सीलही गळतं म्हणे. चर नव्हता. बेअरिंग हलवून पाहिलं, ढिलं नव्हतं. मी आणलेलं सील माझ्या डोळ्यांसमोर बसवलं. आता कोणाला बोलायला जागा नाही, असं मला वाटलं.

दुपारी लांब फिरवून आणली.

दोन्ही चाकं ओली. डावं तर होतंच, आता उजवंही! जे कधी गळलं नव्हतं तेही! आगीतून फुफाट्यात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

काड्या गाडीखाली बराच वेळ पडून राहिला. मी वरून बोलत होतो. तो म्हणाला, "काका, जरा दोन मिनिटं गप्प बसाल तर मला विचार करता येईल."

मला गप्प बस म्हणतो! मी गाडी घेऊन निघून आलो.

बुधवार, १२ मार्च

आज निघायचं होतं. निघालो नाही.

सकाळी हिला सांगितलं, उद्या दुसऱ्या मेकॅनिकला दाखवू, परवा पहाटे निघू, ऑपरेशनच्या वेळेला पोचू. ही बॅगेवर बसली होती. म्हणाली, "मी उद्या सकाळच्या बसने जाते."

"एकटी?"

"एकटी."

"आणि बस—"

आणि मग हिने तोंड उघडलं. लग्नापासून जिचा आवाज शेजाऱ्याने ऐकला नाही, ती एवढ्या मोठ्याने बोलली की वरच्या मजल्यावरच्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी जसं आठवतंय तसं लिहितो, कारण नंतर ही नाही म्हणेल.

"बुजवा! सगळं बुजवा! खिडकी बुजवलीत, दाराच्या फटी बुजवल्यात, मोरीचं भोक बुजवलंत आणि पाणी तुंबलं तर माझ्यावर ओरडलात. पोरीने तोंड उघडलं की तिच्याआधी तुम्ही बोलता. गाठ तिच्या गळ्यात आहे, आणि डॉक्टरने काय सांगितलं ते तिने अजून तुम्हाला सांगितलं नाही, माहितीये का? सांगायला वाट कुठे आहे? ती म्हणाली, आई, तू एकटी ये. एकटी! कळलं का? मला तिच्याजवळ बसायचंय. मला श्वास घ्यायचाय."

घे की! मी काय कोणाचं नाक दाबलंय?

असं मी म्हटलं.  मग हिने, बॅगेचं झाकण बसत नव्हतं ते, गुडघ्याने दाबून लावलं आणि आत जाऊन झोपली. भर दुपारी.

मी केलं ते सगळं यांच्यासाठीच केलं ना? धूळ कोणाच्या छातीत जाऊ नये म्हणून? असो. लिहून काय उपयोग.

गुरुवार, १३ मार्च

गेली.

मी स्टँडवर सोडायला गेलो नाही. नंतर गेलो. बस निघाली होती. मग गाडी बसच्या मागे घातली. काय करणार होतो मलाही माहीत नाही. मागच्या काचेतून हिचं डोकं दिसत होतं. खिडकीची काच पूर्ण उघडलेली, वाऱ्याने केस उडतायत, ही मजेत बाहेर बघते आहे. हॉर्न दिला, वळून पाहिलं नाही.

डोंगराचा चढ सुरू होतो तिथे पुढे एक दुधाची गाडी थांबली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी तिरपी सरकली. ब्रेकच्या पट्ट्यांवर पुन्हा तेल. दूधवाला खाली उतरून म्हणाला, "आजोबा, डोळे घरी ठेवून आलात का?" मी उलट बोललो नाही.  बस वळणाआड गेली.

मागे वळवली. हळूहळू, गियरवर थांबवत, थेट काड्याकडे. त्याला तोंड उघडायची संधी न देता म्हटलं, "कर काय करायचं ते. मी गप्प बसतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं गरम आणलीत. मी काल विचार केला. दोन्ही सील बरी आणि दोन्हीकडून गळती. उभी असताना गळत नाही, लांब चालवली की गळते. म्हणजे तेल आपणहून बाहेर येत नाही. आतून कोणीतरी ढकलतंय."

खाली सरकला आणि एक्सलच्या मधल्या गोळ्यावरचा तेल भरायचा बोल्ट पान्याने ढिला केला. *फुस्स!* प्रेशर कुकरची शिटी काढावी तसा आवाज, आणि काळं तेल काड्याच्या तोंडावर. काड्या आनंदाने ओरडला. तोंडाला तेल फासलेलं आणि हसतोय.

"सापडलं! नाक बुजलंय हिचं!"

"नाक?"

"एक्सलला वरच्या बाजूला एक बारीक नळी असते, टोपीवाली. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती त्या नाकातून बाहेर जाते. नाक बंद असेल तर हवा जाईल कुठे? सीलचे ओठ फाडून येणार. नाक दाबलं की तोंड उघडतं, काका. साधी गोष्ट."

मी समोरचा चहाचा पेला उचलला.

तो हाताने वर चाचपडत राहिला. मग छिन्नी मागितली. ठोकून ठोकून एक राखाडी खडा काढला आणि बाहेर येऊन बॅटरीच्या उजेडात धरला. दगडासारखं लुकण. त्याला त्या छोट्या टोपीचा साचा उमटलेला.

"कोण गाढव असेल हो?"

"आधीच्या मालकाने केलं असेल," मी म्हटलं.

"असेल असेल. टोपी खडखडत असणार, त्याला आवाज सहन झाला नसणार." खडा त्याने उलटा केला. वरून अंगठ्याने दाबून बसवलेलं होतं. अंगठ्याचा ठसा अगदी स्पष्ट, मधून आडवी गेलेली खूण. पाणीखात्यात पाना निसटला होता तेव्हाची. माझा अंगठा तेव्हा चहाच्या पेल्यावर होता. काड्याने पेल्याकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं.

"सही करून गेलाय आधीचा मालक," म्हणाला, आणि खडा खिशात टाकून कामाला लागला. पुढे एक शब्द नाही. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, आज गप्प. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

घरी येऊन लिहितोय. मोठी पाइपलाइन उंचवट्यावरून जाते तिथे हवेचा व्हॉल्व्ह बसवतात. हवेला वाट नसेल तर ती पाइप फाडून वाट करते. नव्या फिटरांना हे मी शिकवायचो. मी. पाइपावर हात ठेवून शिकवायचो.

स्वयंपाकघरात कोंदट वास येतोय. दिवा लावायचं मन नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. तपासणीला पाठवली आहे. हिचा फोन आला, आणि मी पहिल्यांदा फोन मोठ्या आवाजावर ठेवला नाही. ठेवायला कोण होतं ऐकणारं?

"शुद्धीवर आलीये. बोलायचं नाही सांगितलंय दोन दिवस. हाताने विचारत होती."

"काय?"

"बाबा कुठे आहेत."

फोन तसाच कानाला होता. बिल चढत होतं.

ही म्हणाली, "गप्प बसणार असाल तर या."

गप्प बसणार असाल तर! स्वतःच्या लेकीकडे जायला अट! मी फोन ठेवला. चार शिव्या वहीत लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. कोणी वाचली तर.

संध्याकाळी छिन्नी आणि हातोडी घेऊन मागच्या खिडकीचं लुकण काढलं. पक्कं बसवलं होतं. काम चांगलं केलं होतं, हे मान्य करायला हवं. एक काच फुटली. खिडकी उघडली. धूळ आली. डासही आले. शेजारी कोणीतरी हसल्याचा आवाजही आला, इतकी वर्षं शेजारी माणसं राहतात हे विसरलोच होतो. हिला सांगणार नाही. येईल तेव्हा दिसेल.

शनिवार, १५ मार्च

पहाटे निघालो. काड्याने कालच ब्रेकच्या नव्या पट्ट्या बसवून, दोन्ही सील बदलून दिली. नळी साफ केली. "टोपी वाजेल काका. टिकटिक करेल. वाजू द्या. वाजते म्हणजे श्वास चालू आहे." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, "छे, तुम्हाला कोण शिकवणार?" आणि डोळा मारला.

चढावर मागून टिकटिक ऐकू येत होती. ऐकून डोकं उठलं. डोंगराच्या माथ्यावर थांबून चाकांच्या आत हात घातला. कोरडी. उजवंही कोरडं.

दवाखान्यात जावई दारात भेटला. "बाबा, तुम्ही..." म्हणून घाबरून उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेलो.

लेक पलंगावर होती. गळ्याला पट्टी. चेहरा एवढासा. तोंडात किती प्रश्न होते माझ्या! पट्टी कोणी बांधली, घट्ट का बांधली, तपासणीचा निकाल कधी, उशी एवढी पातळ का. ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, पातेल्यातलं दूध कधी उतू जातंय बघावं तशी.

मी बसलो. लेकीने पांघरुणातून हात काढला आणि माझा अंगठा धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. तेव्हा तिच्या मुठीत एक अंगठाच मावायचा. खूण आहे तिथे तिने बोट फिरवलं. बराच वेळ तसंच धरून होती. तिला काही सांगायचं होतं. मी थांबलो. तिने ओठ हलवले, आवाज न काढता. मला कळलं नाही. मी विचारलं नाही. तिने पुन्हा हलवले, सावकाश, आणि दुसऱ्यांदा कळलं.

काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

खोलीत औषधाचा वास कोंडला होता. मी उठलो. ही लगेच म्हणाली, "अहो, वारं लागेल म्हणून बंद केलंय, तुम्हीच म्हणता ना—" मी खिडकीची कडी काढली. गंजली होती, दोनदा हिसडावी लागली. उघडली.

वारं आत आलं. लेकीच्या कपाळावरचे केस हलले. तिने डोळे मिटले.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला बरं आहे ना?"

एवढं करूनही हेच ऐकायचं!  खुर्चीत बसलो आणि अंगठा परत लेकीच्या हातात दिला.